वीणामावशीची संपलेली रेकॉर्ड

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सौ. संपदा हिस (आणि पाकीट बँकेत फोडलं जाणार म्हणून शाखाधिकारी मॅडम यांसही) दिल्लीहून भालूदादाचे भरपूर आशीर्वाद आणि हुद्द्याला शोभेल इतपत नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे नोव्हेंबरात दिल्लीत राहणारी माणसं जितपत बरी असतात तितपत. विनयाला दिवाळीत लागलेला खोकला अजून मुक्कामाला आहे, माझे डोळे चुरचुरतात, आणि हवा शुद्ध करायचं जे यंत्र आम्ही हौसेने आणलं ते दिवसभर लाल दिवा लावून आमच्याकडेच संशयाने बघत असतं. तुमच्याकडे सगळे कसे? जयेशरावांचा गुडघा आता वाकतो का? तुझ्या आईची, म्हणजे आमच्या मावशीची, साखर कुठवर आली? तिने गोड पूर्ण सोडलं आहे हे मी गेल्या फोनवर तिच्याच तोंडून ऐकलं, पण बोलताना ती काहीतरी चघळत होती.

फोन असताना दादाने पत्र का लिहावं, आणि तेही नाशिकच्या घरी न पाठवता बँकेच्या पत्त्यावर का, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. तू घरी पोचलीस की तुझा फोन मावशीच्या ताब्यात जातो. माझे मेसेज ती तुझ्या आधी वाचते आणि तुझ्या वतीने त्यांना अंगठेही देते. मागच्या महिन्यात मी तुला ‘रेकॉर्डबद्दल मावशीपाशी एक अक्षर बोलू नकोस’ असं कळवलं, तेव्हा ‘बरं, नाही बोलणार’ असं उत्तर आलं आणि खाली ‘मावशी’ अशी सही होती. तेव्हा हे पत्र बँकेतच वाच, शक्यतो जेवणाच्या सुटीत, आणि घरी नेऊ नकोस.

माझा छंद तुला साधारण माहीत आहे. साधारण अशासाठी म्हणतो की मी तो समजावायला लागलो की नातेवाईकांना स्वयंपाकघरातली कामं आठवतात. मी रेकॉर्ड जमवतो हे खरं, पण निघालेल्या नव्हे. पूर्वी दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड असायची, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक. त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण व्हायचं, नमुन्याच्या एक-दोन प्रती निघायच्या, आणि मग कंपनी हात आखडता घ्यायची. गायक रुसला, सिनेमा डब्यात गेला, मालकाच्या मेहुण्याला चाल पसंत पडली नाही (हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त वेळा सापडतं). अशा रद्द झालेल्या, बाजाराचं तोंड न पाहिलेल्या रेकॉर्डच मी घेतो. पांढरं कोरं लेबल, त्यावर पेन्सिलीने नाव आणि ‘रद्द’ असा शेरा. चौतीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला यात आपलेपणा वाटतो याचं कोणाला नवल वाटायला नको. टिपण मांडलं, चार टेबलं फिरलं, सहीपर्यंत पोचलं आणि ‘तूर्त विचार नाही’ होऊन परत आलं, अशा फायलींवरच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. माझ्याकडे अशा एकेचाळीस रेकॉर्ड आहेत. विनयाचं म्हणणं असं की घडलेल्या गोष्टी ज्याच्या लक्षात राहत नाहीत तो माणूस न घडलेल्या गोष्टी कपाटात लावून ठेवतो. (संदर्भ: आमच्या लग्नाचा वाढदिवस, सलग दोन वर्षं.)

आम्ही त्या वाजवत नाही, हेही सांगून ठेवतो. सुई टेकली की प्रत ‘न वाजवलेली’ राहत नाही आणि तिची पत घसरते. आमचं एक मंडळही आहे, तीन सभासदांचं. मी, करोल बागेतले सब्बरवालजी, आणि नोएडाचा अंशुमन. सब्बरवालजींचं मोटारींच्या सीट कव्हरांचं दुकान आहे, आणि त्याच दुकानात मागच्या दोन फळ्यांवर जुन्या रेकॉर्ड असतात. ते कव्हरं विकून पोट भरतात आणि रेकॉर्ड विकत घेऊन ते रिकामं करतात. अंशुमन मराठीच, वय पस्तीस, आणि त्याला नियमांची इतकी हौस की हा मुलगा आमच्या मंत्रालयात न येता खासगी नोकरीत कसा गेला याचं मला कोडं आहे. त्याने यादी केली आहे आणि यादीचा पहिला नियम असा: ज्या रेकॉर्डची एक जरी प्रत बिल फाडून गिऱ्हाइकाला विकली गेली, ती रेकॉर्ड निघाली असं समजावं आणि तिचं नाव कायमचं काढून टाकावं.

आता मुद्द्याकडे येतो. मे महिन्यात तू फोन करून म्हणालीस, दादा, डिसेंबरात आईला पंच्याहत्तर पूर्ण होतात, तिची ती रेकॉर्ड शोध ना, आपण कार्यक्रमात वाजवू. मी ‘बघतो’ म्हणालो. (सरकारात ‘बघतो’ याचा अर्थ काय होतो ते तुला बँकेत राहून ठाऊक असेलच.) मावशीच्या रेकॉर्डची गोष्ट आपल्या घरात कोणाला पाठ नाही? ती लग्नाआधी दिल्लीत नोकरीला होती, करोल बागेत आमच्याकडे राहायची. एकोणऐंशी साली दर्यागंजातल्या स्वरकालिंदी नावाच्या कंपनीने तिची मराठी भावगीतांची रेकॉर्ड काढली, आणि ती आठ दिवसांत अशी हातोहात संपली की खुद्द गाणारीला एक प्रत मिळाली नाही. शेचाळीस वर्षं मावशी हे सांगते आहे. तुझ्या लग्नात तिने हे विहीणबाईंना सांगितलं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांनाही. लोक मान डोलावतात. आणि मी इतकी वर्षं रेकॉर्डच्या मागे दिल्ली पालथी घालत असूनही मावशीची रेकॉर्ड एकदाही शोधली नाही, कारण ती निघाली होती, संपली होती. संपलेल्या रेकॉर्डशी माझा काय संबंध?

सप्टेंबरात सब्बरवालजींचा फोन आला. स्वरकालिंदी कंपनी बंद पडून जमाना झाला, पण मालकाच्या नातवाने दर्यागंजातलं गोदाम विकायला काढलं आणि आतला माल किलोवर दिला. त्यातले तीन खोके सब्बरवालजींनी उचलले होते. म्हणाले, ‘भालचंदरजी, एक पीस है, मराठी में कुछ लिखा है, आप ही पढ़ो.’ मी ऑफिसातून मेट्रोने गेलो. सीट कव्हरांच्या ढिगावर एक पांढऱ्या लेबलची छोटी रेकॉर्ड ठेवली होती. लेबलवर पेन्सिलीने ‘वीणा पाटणकर, उंबऱ्यात थांबले ऊन, नमुना प्रत १’ असं लिहिलेलं, आणि त्यावर आडवा लाल शेरा, ‘रद्द’.

संपदा, खोटं कशाला बोलू? मला आधी आनंद झाला. मावशी, तू, पंच्याहत्तरी वगैरे काही मनात आलं नाही. दिल्लीत निघालेली, रद्द झालेली, एकुलती एक प्रत असलेली मराठी रेकॉर्ड, आणि ती माझ्या हातात! मी हातमोजे घातले, दोन्ही बाजू उजेडात धरून बघितल्या आणि तिथल्या तिथे माझ्या वहीत नोंद केली: क्रमांक बेचाळीस, दोन्ही बाजू उत्तम, न वाजवलेली. मग पाकिटात बोट घातलं तर आत एक घडी घातलेला कागद लागला आणि माझा आनंद तिथे संपला.

तो कागद त्या वर्षीच्या गणेशोत्सवातला होता. कंपनीच्या मालकाने रेकॉर्ड काढण्याआधी अंदाज घ्यावा म्हणून मंडपाच्या दारात टेबल मांडलं होतं आणि गणेशोत्सव मंडळाच्या चिटणिसांना आगाऊ मागणीची यादी करायला सांगितली होती. यादीत बासष्ट घरं आहेत. नाव, पत्ता, किती प्रती, शेरा. ‘किती प्रती’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा आहेत, आणि शेऱ्यात बासष्ट वेळा एकच शब्द: ‘भेट’. आपल्याच वीणाची रेकॉर्ड, ती काय विकत घ्यायची? ती देईलच की. असं प्रत्येक घराला वाटलं. पहिलं नाव आमच्या बाबांचं आहे, म्हणजे तिच्या सख्ख्या मेहुण्याचं, ज्यांच्या घरी ती राहत होती आणि ज्यांना संध्याकाळी गाऊन दाखवत होती. बाबांनी ‘भेट’पुढे कंसात ‘दोन’ असंही लिहून घेतलं आहे. खाली मालकाच्या अक्षरात हिंदीत एवढंच आहे: ‘बुकिंग निल. कैंसल.’

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. मालक स्वतः बर्फीचा डबा घेऊन आमच्या घरी आला होता. मावशीसमोर हात जोडून म्हणाला की बहनजी, सगळा माल गेला, आपल्यासाठीसुद्धा एक राखता आली नाही, माफी असावी. तो दयाळू होता की भित्रा होता मला सांगता येणार नाही (या दोन्हींतला फरक मला नोकरीतही नीट कळलेला नाही). मावशी रडली, आनंदाने. बाबा म्हणाले, वा! बासष्ट घरांना वाटलं की बाकीच्या एकसष्ट घरांनी विकत घेतल्या, म्हणून आपल्याला भेट मिळाली नाही, आणि सगळी खूश झाली. बर्फी सगळ्यांत जास्त मी खाल्ली.

हे मी विनयाला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं की आता मावशींना काय सांगणार. मी म्हणालो, सांगायचं काय, रेकॉर्ड सापडली म्हणायचं आणि वाजवायची. ती म्हणाली, लेबलवर ‘रद्द’ लिहिलं आहे ते कोण झाकणार? मावशी रेकॉर्ड हातात घेतल्याशिवाय राहणार आहेत का? शेचाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात येणार आणि त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असणार की तुझं कोणाला नको होतं. नाहीतर दुसरा रस्ता, रेकॉर्ड दाखवायचीच नाही, आणि तुमच्या कपाटात बेचाळिसावी म्हणून ठेवायची. हे दुसरं ती अशा आवाजात म्हणाली की मी वहीतली नोंद तिला दाखवली नाही.

पुढचे पंधरा दिवस मी विचार केला, म्हणजे विषय प्रलंबित ठेवला. पण एके दिवशी ऑफिसात पडद्यांच्या खरेदीची फाइल वाचत असताना मला आमच्या मंडळाचा पहिला नियम आठवला आणि एकदम उजेड पडला. एक प्रत बिल फाडून विकली की रेकॉर्ड निघाली. आणि प्रत मुळात एकच आहे! म्हणजे ती एक विकली गेली की रेकॉर्ड निघाली, विकलीही गेली आणि संपलीसुद्धा, सगळं एका दमात. मावशी शेचाळीस वर्षं जे बोलते आहे ते शब्दशः खरं होईल, फक्त थोडं उशिरा. सरकारात मागच्या तारखेपासून मंजुरी देतात तसंच हे. ‘रद्द’ या शेऱ्याखाली मी ‘शेरा मागे घेतला’ असं लिहून सही करू शकलो असतो, आणि दुकानाचं बिल सोबत जोडलं असतं. बिलापुढे मावशीचं काही चालत नाही, ती स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरीत होती.

मंडळाची तातडीची बैठक सब्बरवालजींच्या दुकानात, सीट कव्हरांवर बसून झाली. सब्बरवालजी माझी गोष्ट ऐकून नाक शिंकरत होते (धूर होता बाहेर, असं ते म्हणाले). अंशुमनला मात्र हा उघडउघड घोटाळा वाटला. भारतातली सर्वांत दुर्मीळ मराठी रेकॉर्ड आपण जाणूनबुजून साधी करतो आहोत, असं त्याचं म्हणणं. तासभर वाद घालून त्याने अटी घातल्या: रेकॉर्ड दर्शनी काउंटरवर निदान चार तास कोणालाही घेता येईल अशी ठेवायची, आणि विकत घेणारा मंडळाचा सभासद नसावा. मी मान्य केलं. विनया सभासद नाही. सोमवारी अकरा वाजता माझ्याकडची रेकॉर्ड परत दुकानाच्या काउंटरवर येईल, तीन वाजता विनया जाऊन विकत घेईल, असं ठरलं. मधल्या चार तासांची मला काळजी नव्हती. मोटारीच्या दुकानात मराठी भावगीत कोण मागणार आहे?

विनया वेळेवर निघाली. वाटेत तिला साड्यांचं दुकान लागलं. करोल बागेत वाटेत साड्यांचं दुकान लागणं ही आगाऊ कळण्यासारखी गोष्ट आहे, आणि तेहतीस वर्षं संसार केलेल्या माणसाने ती योजनेत धरायला हवी होती, हे मी मान्य करतो. ती पावणेचारला पोचली तेव्हा सब्बरवालजी अत्यंत आनंदात होते. त्यांनी तिच्यापुढे बिलाची स्थळप्रत नाचवली. ‘भाभीजी, बिक गया! असली ग्राहक!’ झालं असं की सवा तीनच्या सुमाराला एक बाई जुन्या गाडीला नवी कव्हरं घ्यायला आल्या. सब्बरवालजींचं तत्त्व असं की माल काउंटरवर आहे तर तो चालवून दाखवला पाहिजे, म्हणून त्यांनी रेकॉर्ड लावली होती. बाई कव्हरं बघता बघता थांबल्या, हे तर मराठी आहे म्हणाल्या, पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं आणि रेकॉर्ड मागितली. सब्बरवालजींनी बिल फाडलं. त्यावर नाव होतं मैत्री, आणि पत्त्यात हिंदूराव, ती टेकडीवरची वस्ती. कव्हरं घ्यायची त्या विसरून गेल्या.

मला राग आला. सब्बरवालजींचा, साड्यांचा, अंशुमनच्या चार तासांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. आता ना रेकॉर्ड कपाटात, ना मावशीच्या कार्यक्रमात. अंशुमनने त्याच दिवशी ईमेल करून यादीतून नोंद काढल्याचं कळवलं आणि खाली ‘अभिनंदन’ लिहिलं. ते त्याने मनापासून लिहिलं असावं अशी मला भीती वाटते.

पुढच्या रविवारी मी मिठाई घेऊन हिंदूरावच्या चढावर त्यांच्याकडे गेलो. पिशवीत माझ्या संग्रहातल्या तीन चांगल्या रेकॉर्ड होत्या, बदल्यात द्यायला. मैत्री पाणीपुरवठ्याकडे इंजिनियर आहेत. रेकॉर्ड त्यांनी वडिलांसाठी घेतली होती. वडील बाबुराव, मूळचे वर्ध्याकडचे, पोस्टातून निवृत्त, वय शहात्तर. त्यांच्या पत्नी प्रभावतीबाईंनी नाव विचारायच्या आधी चहा टाकला. मी माझा परिचय दिला, की ज्यांनी हे गाणं म्हटलं आहे त्यांचा मी भाचा. तेवढ्यावर बाबुराव उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझं उरलेलं भाषण (त्यात बदल्याचा प्रस्ताव होता) तोंडातच राहिलं.

मग त्यांनी रेकॉर्ड लावली. संपदा, मी ती पहिल्यांदा ऐकली. महिनाभर माझ्याकडे होती तेव्हा मी तिला फक्त हातमोज्यांनी उचललं होतं. मावशीचा आवाज आपल्याला माहीत आहे तो औषधाची वेळ झाली हे सांगणारा. हा तो नाही. ती अठ्ठावीस वर्षांची आहे, अजिबात घाबरलेली नाही, आणि एका जागी स्वर इतका वेळ धरून ठेवते की प्रभावतीबाई चहाचा कप हातात तसाच धरून उभ्या राहिल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. आपण सगळ्यांनी इतकी वर्षं काय ऐकलं असा प्रश्न पडला.

गाणं संपल्यावर बाबुराव म्हणाले, ‘ही त्या वेळी कळली असती ना साहेब, तर तेव्हाच घेतली असती. सत्त्याहत्तरपासून मी इथंच आहे. पगारातून पहिला हा प्लेयरच घेतला होता.’ मी विचारलं, गणेशोत्सवात मंडपात टेबल होतं, तिथे नाव नाही दिलंत? ते सहज म्हणाले, ‘तिकडे आमचं जाणं नव्हतं. आणि आमच्याकडे यादी घेऊन कोणी आलं नाही. पंचवीस-तीस घरं होती आमची.’ त्यात तक्रार नव्हती, त्यांनी मला फक्त माहिती दिली. दिल्लीत मराठी गिऱ्हाईक किती, याचा अंदाज घेताना आपल्या चिटणिसांनी कोणाकोणाला मोजलं नाही ते मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी विचारलं, अजून एक प्रत मिळेल का? नागपूरला भाऊ आहे, संघपाल, त्याला पाठवायची आहे, पैसे आत्ता देतो. ज्या माणसाकडून रेकॉर्ड परत मागायला मी गेलो होतो तोच मला आणखी एक मागत होता, आणि तीही विकत. मी म्हणालो, ‘नाही हो. संपली.’ हे म्हणताना मला जराही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. पिशवीतल्या तीन रेकॉर्ड मी तशाच परत आणल्या.

असो. पत्र फार लांबलं. जयेशरावांना नमस्कार, मावशीला साष्टांग. गुडघ्याला थंडीत जपावं. आम्ही कार्यक्रमाला तेरा डिसेंबरला पोचतो, तिकिटं पक्की आहेत.

तुझा,
भालूदादा

ता. क. कार्यक्रमात वाजवायला रेकॉर्ड नाही, हे वरून कळलंच असेल. मावशीला सगळ्यांसमोर एवढंच सांगायचं की भालूला दिल्लीत एक प्रत दिसली होती, पण तो पैसे काढेपर्यंत दुसऱ्याच कोणी घेतली. यात विनयाच्या साड्या वगळल्या तर सगळं खरं आहे. बिलाची छायाप्रत सोबत जोडली आहे, ती चौकटीत बसवून घे. बासष्ट घरांचा कागद मी पाठवत नाही. फाडून टाकणार होतो, पण सरकारी माणसाच्या हातून कागद फाटत नाही. तो माझ्या हयातीत कोणाला दिसणार नाही एवढं बघतो.

दुसरा ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. बाबुरावांनी त्या दिवशी रेकॉर्ड उलटी करून लावली होती. सुई फिरत राहिली आणि काही ऐकूच आलं नाही. नमुन्यासाठी कंपनीने एकच गाणं उतरवलं होतं, दुसऱ्या बाजूला नुसत्या मुक्या रेघा. (माझ्या वहीत अजून ‘दोन्ही बाजू उत्तम’ असंच आहे.) तरीही आम्ही सगळे शेवटपर्यंत बसून राहिलो. मग बाबुराव म्हणाले, ‘दुसरं गाणं कोणतं होतं, साहेब?’ मला सांगता आलं नाही. तुला येतं का? मावशी सांगताना ‘दोन गाणी’ म्हणते, ‘दोन गाण्यांची रेकॉर्ड’ म्हणते, पण पहिल्याची गोष्ट संपायच्या आत आपण कोणी ना कोणी उठून गेलेलो असतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत आपल्यापैकी कोणी थांबलेलंच नाही. बाबुराव मात्र थांबले आहेत. दर रविवारी मला फोन करून विचारतात.

तेव्हा मावशीला विचार, आणि फोनवर म्हणून घे. आवाज फाटला तरी चालेल, मधेच खोकला आला तरी तोडू नकोस, आहे तसं मला पाठव. ती विचारेल की रेकॉर्ड विकत घेतलेल्या माणसाला हे पुन्हा कशाला हवं. तिला सांग, त्यांच्याकडची ती बाजू वाजवून वाजवून झिजली.